थंडीचं जॅकेट ऑनलाइन निवडताना शीटमधला फिल्टर कसा वापरायचा

भाचीने डिसेंबरअखेर हिमालयात, उत्तराखंडातल्या केदारकंठाला ट्रेकला जायचं ठरवलं. सह्याद्रीत ती चार वर्षं फिरते आहे, कळसूबाईवरची डिसेंबरची पहाट तिने साध्या विंडचीटरवर काढली आहे. पण कळसूबाई १६४६ मीटर आणि केदारकंठाचं शिखर साधारण ३८०० मीटर. दर हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. ट्रेक जिथून सुरू होतो ते सांकरी गाव १९५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे सांकरीत जी थंडी असेल त्याहून शिखरावर साधारण बारा अंश जास्त. आणि आपण मुंबईकर! सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चं. आमच्या घरात उणे तापमानात घालायचं जॅकेट कुणाकडेच नव्हतं, आणि कुठलं चांगलं हे अनुभवाने सांगणारंही कुणी नव्हतं.

एका रविवारी ती फोन घेऊन माझ्याकडे आली. चार वेगवेगळ्या साइटवरची जॅकेटं, व्हॉट्सअ‍ॅपवर मैत्रिणींना पाठवलेले स्क्रीनशॉट, काही विशलिस्टमध्ये, काही कार्टमध्ये. "मावशी, तूच सांग यातलं कुठलं घेऊ. मला आता सगळी सारखीच दिसायला लागली आहेत."

मी अकाउंट्समध्ये काम करते, माझा दिवस शीटमध्येच, म्हणजे एक्सेल नाहीतर गूगल शीट्समध्ये जातो. तिला म्हटलं, लॅपटॉप उघड. त्या दुपारी जे केलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण फिल्टर हे साधन ऑफिसच्या बाहेर फार कमी लोक वापरतात, आणि जे वापरतात त्यांच्याकडूनही त्यात दोन-तीन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिला प्रश्न तिनेच विचारला. साइटवर फिल्टर असतातच की, मग वेगळी शीट कशाला? साइटवरचा फिल्टर विक्रेत्याने भरलेल्या माहितीवर चालतो. विक्रेत्याने 'हूड आहे' हा रकाना भरलाच नसेल, तर 'हूड' वर टिक केल्यावर ते जॅकेट गायब होतं, फोटोत हूड ढळढळीत दिसत असलं तरी. दुसरं म्हणजे एका साइटवरचं जॅकेट दुसऱ्या साइटवरच्या जॅकेटशेजारी ठेवता येत नाही. आणि तिसरं, आपल्याला ज्या गोष्टीने फरक पडतो, उदाहरणार्थ जॅकेटच्या आतला भराव किती ग्रॅम आहे, त्याचा फिल्टर साइटवर बहुधा नसतोच. तिथे रंग, ब्रँड, किंमत आणि सवलत एवढंच असतं.

आता फिल्टर म्हणजे नेमकं काय, ते. शीटमध्ये प्रत्येक जॅकेटला एक आडवी ओळ द्यायची आणि प्रत्येक गुणाला एक उभा कॉलम. सगळ्यात वरच्या ओळीत कॉलमची नावं. फिल्टर लावला की त्या नावांशेजारी छोटे बाण येतात. बाणावर क्लिक करून अट सांगायची, आणि जी ओळ अटीत बसत नाही ती लपते. लपते, पुसली जात नाही. डावीकडचे ओळींचे आकडे पाहिले की कळतं: २ नंतर एकदम ५, मग ९. मधल्या ओळी आहेत, फक्त दिसत नाहीत. फिल्टर काढला की सगळ्या परत. भाचीला याचीच भीती वाटत होती, की एवढं टाइप केलेलं उडेल. नाही उडत.

गूगल शीट्समध्ये 'डेटा' मेनूत 'क्रिएट अ फिल्टर' असतं. एक्सेलमध्ये 'डेटा' टॅबवर नरसाळ्याचं चित्र असतं, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एल ही तीन बटणं एकत्र दाबायची. त्याआधी 'व्ह्यू' मेनूतून वरची एक ओळ फ्रीझ करून घ्यावी, म्हणजे खाली सरकलं तरी कॉलमची नावं डोळ्यांसमोर राहतात. जॅकेटांच्या ओळींमध्ये एखादी पूर्ण रिकामी ओळ सोडू नये. एक्सेलचा फिल्टर बऱ्याचदा तिथेच थांबतो आणि खालची जॅकेटं बाहेर राहतात.

एवढं यंत्र समजायला पाच मिनिटं पुरतात. खरा वेळ जातो तो कॉलम ठरवण्यात आणि भरण्यात, आणि तो द्यायलाच हवा.

कॉलम कुठले

नाव आणि लिंक तर हवीच. किंमत म्हणजे शेवटी हातातून जाणारे पैसे: कूपन वजा करून, डिलिव्हरीचा खर्च मिळवून. शेजारी ती किंमत कुठल्या तारखेला पाहिली तेही लिहावं, कारण सेलच्या दिवसांत ती रोज बदलते. जाता जाता, २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. साइटवरच्या किमतीत तो धरलेलाच असतो, त्यामुळे वेगळा मिळवायची गरज नाही. पण २५०० च्या अलीकडची आणि पलीकडची जॅकेटं यांच्या किमतीत एकदम मोठी उडी दिसली, तर त्यातला काही भाग कराचा असू शकतो.

मग ऊब. इथे थोडं थांबावं लागेल, कारण साइटवरचे शब्द सगळ्यात जास्त इथेच फसवतात. जॅकेट स्वतः उष्णता तयार करत नाही. ते आपल्या अंगाची उष्णता अडकलेल्या हवेत धरून ठेवतं. म्हणून आत हवा किती अडकते यावर ऊब ठरते. डाऊन जॅकेटमध्ये बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांखालची मऊ लव असते. तिच्या फुगण्याला फिल पॉवर म्हणतात: एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव किती घन इंच जागा व्यापते तो आकडा. ५५०, ६५०, ८०० असे आकडे दिसतात. मोठा आकडा म्हणजे चांगली लव, हे खरं. पण मोठा आकडा म्हणजे जास्त ऊबदार जॅकेट, हे खरं नाही. लव किती ग्रॅम भरली आहे तेही पाहावं लागतं.

समजा एका जॅकेटमध्ये ८०० फिल पॉवरची ९० ग्रॅम लव आहे आणि दुसऱ्यात ६०० ची १५० ग्रॅम. गुणाकार करा: पहिल्याचे ७२,००० आणि दुसऱ्याचे ९०,०००. जाहिरातीत ८०० चा आकडा ठळक असेल, पण हवा जास्त अडकवणार दुसरं. वजनाला मात्र ते जड पडेल. म्हणून शीटमध्ये फिल पॉवर एका कॉलममध्ये, भरावाचे ग्रॅम दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात त्यांचा गुणाकार. तुलना त्या तिसऱ्या कॉलमवर करायची. हा हिशोब डाऊन विरुद्ध डाऊन एवढ्यापुरताच. कृत्रिम भरावाला जीएसएम असतं, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. ६०, ८०, १०० असं. डाऊनचा गुणाकार आणि कृत्रिमचं जीएसएम एकाच कॉलममध्ये कधीही ठेवू नका, दोघांची भाषा वेगळी आहे.

साइटवर 'उणे १० पर्यंत चालेल' असंही लिहिलेलं असतं. स्लीपिंग बॅगच्या तापमानासाठी चाचणीची ठरलेली आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. दुकानात मिळणाऱ्या साध्या जॅकेटांवर जो आकडा असतो तो बहुतेक वेळा त्या त्या कंपनीचा स्वतःचा अंदाज असतो. आत काय घातलंय, माणूस चालतोय की बसलाय, वारा किती, यावर सगळं बदलतं. हवा उणे ५ असेल आणि ताशी ३० किलोमीटरने वारा असेल, तर उघड्या कातडीला ती उणे १३ सारखी लागते. म्हणून हा आकडा मी शीटमध्ये लिहू दिला, पण त्यावर फिल्टर लावू दिला नाही.

पाण्याचंही तसंच. 'वॉटर रेपेलंट' म्हणजे वरच्या थराने थेंब घरंगळतात, एवढंच. 'वॉटरप्रूफ' लिहिलं असेल तर शेजारी मिलिमीटरमध्ये आकडा शोधावा, ५००० किंवा १०,००० असा. कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, ते तो आकडा सांगतो. आकडा नसेल आणि मोठ्या अक्षरांत 'वॉटरप्रूफ' असेल, तर नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. अशा ठिकाणी मी 'दावा, आकडा नाही' असं लिहायला सांगितलं.

एक कॉलम मात्र कुठल्याही परदेशी यादीत सापडणार नाही, आणि आपल्याला तो सर्वांत महत्त्वाचा. मुंबईत हे जॅकेट वर्षातले पन्नास आठवडे काय करणार? डाऊन ओलं झालं की त्याच्या लवेच्या गुठळ्या होतात आणि फुगणं जातं. धुतल्यावर ते नीट, आतपर्यंत वाळावं लागतं. घरात ड्रायर नसेल तर सावकाश, पुन्हा पुन्हा झटकत. जूनमध्ये इथल्या दमट हवेत माळ्यावर पिशवीत कोंबून ठेवलेल्या डाऊनला वास लागतो, कधी बुरशीही. ते सैल टांगून ठेवायला हवं, आणि आमच्या कपाटात आडवा हात मावायची मारामार. कृत्रिम भराव ओला झाला तरी बरीचशी ऊब धरतो, लवकर वाळतो, धुवायला सोपा. दाबून ठेवलं की तोही काळाने बसतो, पण दमटपणाला डाऊनइतका हळवा नाही. म्हणून कॉलमचं नाव ठेवलं 'मुंबईत सांभाळणं', आणि त्यात तीनच शब्द चालतील असं ठरवलं: सोपं, मध्यम, अवघड.

तीनच का? कारण फिल्टर शब्दाला शब्द जुळवतो. तुम्ही एका ओळीत 'सोपं' लिहिलंत, दुसरीत 'सोपे', तिसरीत 'एकदम सोपं', तर त्याच्या लेखी त्या तीन वेगळ्या गोष्टी. हूडसाठी फक्त 'आहे' किंवा 'नाही'. भरावासाठी 'डाऊन' किंवा 'कृत्रिम'. गूगल शीट्समध्ये सेलला, म्हणजे शीटमधल्या एका चौकटीला, ड्रॉपडाऊन (ठरलेल्या शब्दांची यादी) लावता येतो, म्हणजे टाइप करायचा प्रश्नच येत नाही.

साइजचं थोडक्यात: एल किंवा एम लिहू नका, छातीचं माप लिहा, सगळीकडे एकाच एककात. इंच असेल तर अडीचने, नेमकं सांगायचं तर २.५४ ने गुणलं की सेंटिमीटर. आणि साइजच्या तक्त्यात दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं, हे पाहून घ्या. आत थर्मल आणि फ्लीस जाणार आहे.

आकडा आणि आकड्यासारखं दिसणारं

भाचीने हौसेने तेवीस ओळी भरल्या. किमतीवर छोट्याकडून मोठ्याकडे सॉर्ट लावला, तर १०,९९९ चं जॅकेट २,९९९ च्या वर येऊन बसलं. तिने काही किमती साइटवरून जशाच्या तशा चिकटवल्या होत्या, रुपयाचं चिन्ह, मागे तिरपी रेघ आणि आडवी रेघ यांच्यासकट. शीट अशा मजकुराला आकडा मानत नाही, शब्द मानते. आणि शब्दांच्या क्रमात १ ने सुरू होणारं २ च्या आधी येतं, शब्दकोशासारखं. ओळखायची खूण सोपी आहे: सेलला कुठलंही अलाइनमेंट दिलं नसेल तर खरा आकडा उजव्या कडेला चिकटतो, शब्द डाव्या. जे डावीकडे दिसलं ते दुरुस्त करायचं. सेलमध्ये नुसता आकडा टाकायचा, इंग्रजी अंकांत, आणि 'रुपये' किंवा 'ग्रॅम' हे कॉलमच्या नावात लिहायचं.

याहून छुपी चूक वजनात होती. बहुतेक वजनं ग्रॅममध्ये होती, दोन किलोमध्ये. म्हणजे ६५०, ४८० यांच्या रांगेत १.१. '६०० पेक्षा कमी' म्हटल्यावर किलोच्या वरचं जॅकेट सर्वांत हलकं म्हणून मिरवत होतं. शीटचा यात दोष नाही, तिला एकक कळत नाही.

तारखांचं तसंच. ५/१२ म्हणजे ५ डिसेंबर की १२ मे, हे शीटच्या 'सेटिंग्ज'मधल्या 'लोकेल'वर ठरतं. ते भारत आहे ना, एकदा पाहून घ्या. डिलिव्हरी ट्रेकला निघायच्या आधी हवी, त्यामुळे आमच्यासाठी ही तारीख किमतीइतकीच महत्त्वाची होती.

अटी एकमेकींशी कशा जोडल्या जातात

हा भाग नीट समजला तर फिल्टर समजला. एकाच कॉलमच्या बाणाखाली दोन गोष्टींवर टिक केली, तर त्यांच्यात 'किंवा' असतं: भराव डाऊन किंवा कृत्रिम. दोन वेगळ्या कॉलमवर अटी लावल्या, तर त्यांच्यात 'आणि' असतं: किंमत ६००० पर्यंत आणि वजन ६०० ग्रॅमपर्यंत आणि हूड आहे. जशा अटी वाढतात तशा ओळी कमी होतात, प्रत्येक अट आधीच्या चाळणीखाली आणखी एक चाळण धरते.

मग भाचीला हवं होतं ते असं: 'जॅकेटला हूड असावं, किंवा ते इतकं ऊबदार असावं की टोपीवर भागेल.' दोन वेगळ्या कॉलममधलं 'किंवा' बाणांनी सरळ जमत नाही. त्यासाठी एक मदतीचा कॉलम करायचा, 'डोक्याची सोय'. त्यात प्रत्येक ओळ स्वतः वाचून 'चालेल' किंवा 'नाही' लिहायचं, आणि फिल्टर त्या कॉलमवर लावायचा. सूत्र लिहूनही करता येतं, पण तेवीस ओळींसाठी डोळ्यांनी केलेलं बरं. त्या निमित्ताने प्रत्येक जॅकेटकडे एकदा नीट पाहिलं जातं.

आम्ही अटी एकेक करून लावल्या आणि दर वेळी किती ओळी उरल्या ते मोजलं. हे जरूर करा. शीटमधली साधी बेरीज किंवा सरासरी लपलेल्या ओळीही धरते. दिसणाऱ्या ओळींचाच हिशोब हवा असेल तर 'सबटोटल' हे फंक्शन आहे. त्यात १०२ हा क्रमांक दिला की दिसणारे आकडे मोजले जातात, १०१ दिला की त्यांची सरासरी मिळते. किमतीची अट लावल्यावर पंधरा उरली. डिलिव्हरीच्या तारखेने बारा. वजनाची अट लावली, आणि एकदम चार.

बारावरून चार, हे मला खटकलं. वजनाच्या बाणात पाहिलं तर त्या बारांपैकी पाच ओळींत वजनाचा सेल रिकामाच होता. साइटवर दिलेलंच नव्हतं. '६०० किंवा कमी' या अटीत रिकामा सेल बसत नाही, म्हणून ती पाचही गेली. जड म्हणून गेली नव्हती, माहिती नाही म्हणून गेली होती. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि फिल्टर तो करत नाही. म्हणून कुठलाही आकड्यांचा फिल्टर लावल्यावर लगेच उलट पाहायचं: अट काढून फक्त रिकाम्यांवर टिक करायची आणि कोण कोण आहे ते वाचायचं. त्या पाचांपैकी तिघांचं वजन तिला ती जॅकेटं बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर सापडलं. त्यातली दोन ६०० च्या आत होती. आकडे भरल्यावर फिल्टर पुन्हा लावून घेतला, कारण सेल बदलला तरी आधी लावलेली चाळण आपोआप नव्याने चालतेच असं नाही.

दुसरी गोष्ट काठावरची. ६००० ची अट ६०४९ च्या जॅकेटला बाहेर काढते, मग ते बाकी सगळ्यांत सरस का असेना. म्हणून मी तिला एक नियम घालून दिला. ज्या बाबतीत तडजोड शक्यच नाही तिथेच फिल्टर: तारीख, छातीचं माप, रिटर्न घेतात की नाही. जिथे 'जितकं कमी तितकं बरं' किंवा 'जितकं जास्त तितकं बरं' असतं, तिथे सॉर्ट: किंमत, वजन, ऊबेचा गुणाकार. फिल्टर लावायचाच तर आपल्या मर्यादेहून थोडा सैल. तिने किंमत ६५०० केली आणि वजन ६५०. एकूण आठ ओळी समोर आल्या, आणि आठ जॅकेटं माणूस शेजारी शेजारी ठेवून पाहू शकतो.

ग्राहकांचे तारे आम्ही फक्त सॉर्टसाठी ठेवले, शेजारी किती जणांनी दिलेत तो आकडा लिहून. बारा जणांचे ४.६ आणि तीन हजारांचे ४.२ यांत मी दुसऱ्यावर विसंबेन.

शीट तिने ट्रेकच्या ग्रुपवर पाठवली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. एकाच शीटवर तिघीजणी काम करत असतील आणि एकीने फिल्टर लावला, तर बाकीच्यांनाही तेवढ्याच ओळी दिसतात. गूगल शीट्समध्ये त्यासाठी 'फिल्टर व्ह्यू' असतो: आपली चाळण आपल्यापुरती, दुसरीच्या पडद्याला धक्का नाही.

त्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने दोन ओळी वाढवल्या, आणि मला त्या फार आवडल्या. एक: सांकरीत भाड्याने मिळणारं जॅकेट, दिवसाचं भाडं गुणिले सहा. दुसरी: तिच्या भावाचं उसनं जॅकेट, किंमत शून्य. कुठलीही खरेदीची साइट हे पर्याय दाखवणार नाही. आपल्या शीटमध्ये ते इतरांच्या बरोबरीने बसतात, त्यांनाही तेच कॉलम, तीच अट. उसनं जॅकेट छातीच्या मापाच्या अटीत बाद झालं. भाड्याचं शेवटपर्यंत टिकलं, आणि भाची हिवाळ्यात पुन्हा हिमालयात जाणार नसती तर मी तिला तेच घ्यायला सांगितलं असतं.

तिने घेतलं ते कृत्रिम भरावाचं, हूड असलेलं, रिकाम्या सेलवाल्या पाचांतलं एक. पार्सल आलं त्या दिवशी तिने ते आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, मग आत थर्मल आणि फ्लीस घालून, पंखा पाचवर ठेवून वीस मिनिटं चढवून पाहिलं. हात वर केले, वाकून बूट बांधले. कंपनीने वजन ५६० लिहिलं होतं, काटा ६१५ दाखवत होता. तिने त्या ओळीत आकडा बदलला आणि फिल्टर पुन्हा लावला. ६५० च्या सैल मर्यादेत ती ओळ तरीही शिल्लक राहिली. रिटर्नची शेवटची तारीख चार दिवसांवर होती. तिने लेबल कापलं.